वाचकांचे प्रश्न : प्रवाळभित्तीवरचा रांजण

मागील अंकाच्या मधल्या पानावर कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजाचे छायाचित्र छापले होते. शेजारी थांबलेल्या पाणबुड्याच्या कमरेपेक्षा उंच, लालसर तपकिरी, अंगभर उभे कंगोरे असलेला आणि वरून सताड उघडा असा तो जीव होता आणि त्याखाली ‘झेस्टोस्पॉन्जिया म्यूटा, वय दोन हजार वर्षे’ एवढी एकच ओळ होती. तेवढ्याने वाचकांचे समाधान झाले नाही हे आलेल्या पत्रांवरून कळले, आणि ते योग्यच आहे. इंग्रजीत या जातीला पिंपाच्या आकारावरून नाव पडले आहे. मी मात्र येथे त्याला रांजण-स्पंज म्हणणार आहे, कारण मध्ये फुगीर आणि वर रुंद तोंडाचा हा आकार आपल्या भाषेत त्या शब्दाने चटकन डोळ्यांसमोर येतो. फरक एवढाच की रांजण पाणी साठवण्यासाठी असतो, आणि या प्राण्याच्या शरीरात पाणी क्षणभरही साठून राहत नाही. पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तर या फरकापाशी येऊन पोहोचेल.

प्रश्न : या जीवाला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत आणि तो जागचा हलतही नाही. मग त्याला वनस्पती न म्हणता प्राणी कशाच्या आधारावर म्हणतात?

उत्तर : ही शंका फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयी लिहिताना स्पंजांची दखल घेतली होती आणि उपटू लागताच स्पंज आकसतो असे लोक सांगतात, त्या अर्थी त्याला काही संवेदना असावी, असे नोंदवले होते. तरीही पुढे अनेक शतके अभ्यासक या जीवाला कधी वनस्पतींमध्ये तर कधी प्राणी आणि वनस्पती यांच्या सीमेवर बसवत राहिले. गुंता सुटला तो पाण्यामुळे. १८२५ साली एडिंबरो येथील रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाने किनाऱ्यावरील खडकाचा एक लहान जिवंत स्पंज समुद्राच्या पाण्यासह काचेच्या उथळ बशीत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून तो न कंटाळता पाहत राहिला. स्पंजाच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार आणि तिच्याबरोबर बारीक कण सतत बाहेर फेकले जात असल्याचे त्याला दिसले. हे पाणी पृष्ठभागावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून आत जाते आणि मोजक्या मोठ्या छिद्रांतून बाहेर पडते, हे त्याने दाखवून दिले. ‘पोरिफेरा’, म्हणजे रंध्रे धारण करणारे, हे नाव त्यानेच या गटाला दिले. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला रंध्रीय प्राणीसंघ म्हणतात. ग्रँटबरोबर एडिंबरोच्या किनाऱ्यावर सागरी जीव गोळा करत हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांत पुढे चार्ल्स डार्विन हा तरुण होता, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

आधार म्हणाल तर तो असा. स्पंज सूर्यप्रकाशापासून स्वतःचे अन्न तयार करत नाही, ते बाहेरून मिळवतो. त्याच्या पेशींभोवती वनस्पतींप्रमाणे सेल्युलोजची भिंत नसते. त्याच्या पेशींना एकत्र बांधणाऱ्या द्रव्यात कोलॅजेन असते, आणि हे प्रथिन आपल्या त्वचेत व हाडांतही आहे. त्याचा जन्म अंडे आणि शुक्रपेशी यांच्या मीलनातून होतो आणि त्याचे पिल्लू, म्हणजे डिंभ, खडकाला चिकटून प्रौढ होण्यापूर्वी पाण्यात स्वैर फिरते. जागेवरून न हलणे हा प्रौढपणीचा स्वभाव आहे, त्यावरून कूळ ठरवता येत नाही.

वर्गीकरणात रांजण-स्पंजाचे स्थान डेमोस्पॉन्जी या वर्गात, हॅप्लोस्क्लेरिडा या गणात आणि पेट्रोसिइडी या कुलात आहे. जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन ऑस्कर श्मिट यांनी १८७० साली केले. जातिनामातील ‘म्यूटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मुकी’ असा होतो.

प्रश्न : हा रांजण उभा चिरला तर आत काय दिसेल? त्याच्या शरीररचनेविषयी सविस्तर लिहावे.

उत्तर : प्रथम डोळ्यांनी दिसेल ते सांगतो. मधोमध एक खोल, वरून उघडी पोकळी दिसेल आणि तिच्याभोवती जाड भिंत. बाहेरून ही भिंत खडबडीत असते. काही रांजणांवर उभे, ओबडधोबड कंगोरे असतात, काहींवर बोटांसारखे उंचवटे येतात, तर काही बरेच गुळगुळीत असतात. भिंतीचा बाहेरचा पातळ थर लालसर तपकिरी आणि आतला भाग फिकट मळकट पांढरा असतो. रंगाच्या या फरकाचे कारण पुढील एका उत्तरात येईल. आतील पोकळी म्हणजे पोट, असा समज सहज होतो आणि तो चुकीचा आहे. या पोकळीत काहीच पचत नाही. तेथे येते ते वापरून झालेले पाणी. स्पंजाचे खरे कामकाज त्या जाड भिंतीच्या आत चालते आणि ते पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूस चपट्या पेशींचा एक अत्यंत पातळ थर असतो आणि त्यात ऑस्टिया ही सूक्ष्म छिद्रे असतात. पाणी येथून आत शिरते. छिद्रांमागे नलिका सुरू होतात. पाटाला चाऱ्या फुटाव्यात आणि चाऱ्यांना आणखी बारीक चाऱ्या फुटाव्यात, तशा त्या फुटत जातात आणि शेवटी पेशींनी वेढलेल्या लहान लहान गोल कक्षांत उघडतात. कक्षांच्या आतल्या बाजूस कॉलर पेशी असतात. प्रत्येक कॉलर पेशीला चाबकासारखे हलणारे एक कशाभिका नावाचे शेपूट असते आणि त्याच्या बुंध्याभोवती अतिसूक्ष्म तंतूंची उभी कॉलर असते. शेपटाच्या हालचालीने पाणी कॉलरच्या तंतूंमधून ओढले जाते आणि पाण्यातील जिवाणूंएवढे बारीक कण तेथे अडकतात. कॉलरपर्यंत न पोहोचणारे मोठे कण वाटेतच नलिकांच्या भिंतींवरील पेशी गिळून टाकतात. गाळलेले पाणी मग दुसऱ्या नलिकांच्या जाळ्यात जाते. या नलिका एकमेकींत मिळून रुंद होत जातात, रांजणाच्या आतल्या भिंतीवरील छिद्रांतून मधल्या पोकळीत उघडतात, आणि सगळे पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडते. शरीरभर पसरलेल्या लाखो स्वतंत्र कक्षांची ही रचना स्पंजांमध्ये सर्वांत गुंतागुंतीची मानली जाते, आणि एवढा मोठा आकार तिच्यामुळेच शक्य होतो. कॉलर पेशींचा एकच थर मधल्या पोकळीला लावलेला असता, तर शरीर वाढले की पोकळीचे घनफळ थराच्या क्षेत्रफळापेक्षा फार वेगाने वाढले असते आणि मोठ्या स्पंजाची उपासमार झाली असती.

या रचनेतील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगाची आहे. एकेक कॉलर पेशी फार क्षीण पंप आहे. तिच्याजवळून जाणारे पाणी अगदी संथ असते, आणि ते तसेच असावे लागते, नाहीतर कण टिपायला अवधी मिळणार नाही. मात्र तेच पाणी रांजणाच्या तोंडातून बाहेर पडताना जोरात निघते. नदीचे पात्र रुंद झाले की पाणी मंदावते आणि अरुंद झाले की धावू लागते. येथेही तेच घडते. एकेक कक्ष सूक्ष्म असला तरी सर्व कक्षांचे छेद एकत्र केले तर ते पात्र अवाढव्य भरते, त्यामुळे तेथे पाणी मंदावते. पुढे सगळा प्रवाह तुलनेने लहान वाटेने बाहेर पडू लागतो आणि वेग घेतो. या जोराचा फायदाही मोठा आहे. गाळून झालेले, अन्न संपलेले पाणी दूर फेकले जाते आणि तेच पुन्हा आत ओढले जाण्याची शक्यता कमी होते. हृदय नाही, स्नायू नाहीत, चेतापेशी नाहीत, आणि तरीही दिवसाकाठी स्वतःच्या घनफळाच्या हजारो पट पाणी हे शरीर फिरवते.

बाहेरची त्वचा आणि नलिका यांच्यामधील जागेत जेलीसारखे द्रव्य असते. त्यात मुक्तपणे सरकणाऱ्या पेशी असतात. त्या अन्न पोहोचवतात, जखमा भरतात आणि गरजेनुसार दुसऱ्या प्रकारच्या पेशींत रूपांतरित होतात. स्पंजाच्या पेशींचे हे स्वातंत्र्य किती मोठे आहे, ते १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने दाखवले. त्याने दुसऱ्या एका जातीचा लहान स्पंज बारीक कापडातून दाबून गाळला आणि पेशी सुट्या केल्या. त्या पेशी सरकत सरकत पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांच्यापासून नवे लहान स्पंज तयार झाले.

राहिला सांगाडा. त्याच द्रव्यात काचेचे म्हणता येईल असे सापळ्याचे घटक असतात, त्यांना कंटिका म्हणतात. रांजण-स्पंजाच्या कंटिका सिलिकाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या सुयांसारख्या असतात. त्यांच्या जुड्या एकमेकींना मिळून त्रिमितीय जाळी बनते आणि सांध्यांवर स्पाँजिन हे प्रथिन त्यांना जोडते. स्पंज म्हटले की मऊपणा आठवतो, पण हा प्राणी हाताला घट्ट, कठीण आणि ठिसूळ लागतो. दाबला तर तो दबत नाही, जोर वाढवला तर तुकडा पडतो.

प्रश्न : मग आंघोळीसाठी वापरतात तो स्पंज याच प्राण्यापासून मिळतो का?

उत्तर : नाही. आंघोळीचे नैसर्गिक स्पंज स्पॉन्जिया आणि हिप्पोस्पॉन्जिया या प्रजातींचे असतात. त्यांच्या सांगाड्यात कंटिका नसतात, केवळ लवचीक स्पाँजिनचे तंतू असतात. रांजण-स्पंजाने अंग घासणे म्हणजे काचेच्या सुयांनी अंग घासणे होईल.

प्रश्न : छायाचित्राखाली ‘वय दोन हजार वर्षे’ असे लिहिले होते. झाडासारखी वलये स्पंजात असतात का? नसल्यास हे वय कोणी आणि कसे काढले?

उत्तर : वलये नसतात, आणि छायाचित्राखालील ती ओळ जितक्या ठामपणे लिहिली गेली तितक्या ठामपणे लिहायला नको होती. ‘अंदाजे’ हा शब्द तेथे हवा होता.

वयाचा अंदाज वाढीच्या वेगावरून काढला जातो. फ्लोरिडा कीज या बेटमालेतील की लार्गोजवळच्या काँच रीफ या प्रवाळभित्तीवर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेतील संशोधकांनी अनेक रांजण-स्पंजांना खुणा केल्या, त्यांची वर्षानुवर्षे छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून प्रत्येकाचे घनफळ किती वाढले ते मोजले. स्टीव्हन मॅकमरे, जेम्स ब्लम आणि जोसेफ पॉलिक यांनी २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान रांजण वेगाने वाढतात, मोठे अत्यंत सावकाश वाढतात, आणि एकाच आकाराच्या दोन रांजणांच्या वाढीतही पुष्कळ तफावत असते, असे त्यांना आढळले. या मोजमापांवरून वाढीचे गणिती सूत्र बांधून काँच रीफवरील सर्वांत मोठ्या रांजणाचे वय त्यांनी सुमारे १२७ वर्षे काढले. त्याच सूत्रात क्युरासाव बेटाजवळ छायाचित्रित झालेल्या एका प्रचंड रांजणाचा आकार घातला, तेव्हा उत्तर २,३०० वर्षांहून अधिक आले. वृत्तपत्रांतून आणि संकेतस्थळांवरून फिरणारा आकडा हाच आहे.

या दोन आकड्यांवर सारखाच विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. पहिला आकडा ज्या आकारांच्या स्पंजांचे प्रत्यक्ष मोजमाप झाले त्यांच्या मर्यादेत येतो. दुसरा त्या मर्यादेच्या फार पलीकडे सूत्र ताणून काढलेला आहे, शिवाय फ्लोरिडातील वाढीचा वेग क्युरासावच्या पाण्याला जसाच्या तसा लागू होतो असे त्यात गृहीत धरले आहे. संशोधकांनी तो अंदाज म्हणूनच मांडला होता. तरीही एक गोष्ट निःसंशय आहे : माणसाच्या आयुष्याहून कितीतरी अधिक काळ हा प्राणी एकाच जागी उभा राहू शकतो. त्याला ‘प्रवाळभित्तीचा रेडवूड’ (रेडवूड म्हणजे अमेरिकेतील प्रचंड, दीर्घायुषी वृक्ष) म्हणतात ते या दीर्घायुष्यामुळे आणि आकारामुळे.

प्रश्न : हा स्पंज नेमका कोठे आढळतो, किती खोलीवर राहतो आणि त्याला कशा प्रकारची जागा लागते? त्याच्या आत इतर प्राणी राहतात का?

उत्तर : झेस्टोस्पॉन्जिया म्यूटा ही जात पश्चिम अटलांटिकमधील उष्ण पाण्याची आहे. फ्लोरिडा, बहामा, बर्म्युडा, मेक्सिकोचे आखात आणि संपूर्ण कॅरिबियन समुद्र हे तिचे घर. हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि पश्चिम पॅसिफिक येथील प्रवाळभित्तींवर तिच्यासारखाच दिसणारा जवळचा नातेवाईक आढळतो, त्याचे नाव झेस्टोस्पॉन्जिया टेस्टुडिनारिया. दोन्ही नावांखाली प्रत्यक्षात दोनपेक्षा अधिक जाती दडलेल्या असाव्यात, असे अलीकडचे जनुकीय अभ्यास सुचवतात.

साधारणपणे १० मीटरपासून खाली हा रांजण दिसू लागतो. प्रवाळभित्तीच्या उतारावर १५ ते ३० मीटर या पट्ट्यात तो विशेष ठळकपणे दिसतो आणि त्याहून बरेच खोल, १०० मीटरच्या आसपासही, त्याच्या नोंदी आहेत. अगदी उथळ पाण्यात तो का नसतो, याचे उत्तर त्याच्या शरीरातच आहे. ठिसूळ सांगाड्याचा, जाड भिंतींचा आणि एकाच बुंध्यावर उभा असलेला रांजण लाटांच्या आघातापुढे टिकू शकत नाही. मोठ्या वादळांत रांजण बुंध्यापाशी तुटून उताराखाली घरंगळतात. डिंभाला चिकटण्यासाठी कठीण तळ लागतो. मृत प्रवाळाचा चुनखडी पाया त्याला चालतो, सरकती वाळू चालत नाही. पाणी वाहते आणि गाळविरहित असणेही आवश्यक आहे, कारण ज्याच्या शरीरभर गाळण्या आहेत त्याला गाळाचा त्रास सर्वांत आधी होतो. काही स्पंज अशा प्रसंगी आकसून, बाहेरच्या छिद्रांतून श्लेष्मा बाहेर ढकलून स्वतःला साफ करतात. कॅरिबियनमधील नळीच्या आकाराच्या एका दुसऱ्या स्पंजात ही संथ ‘शिंक’ चित्रफितींवर टिपून २०२२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले.

आता रंगाविषयी. बाहेरच्या थराचा तपकिरी रंग स्पंजाचा स्वतःचा नसून त्यात वस्तीला असलेल्या सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंमुळे येतो. उजेड लागतो म्हणून ते बाहेरच्या थरातच राहतात, म्हणून चिरल्यावर आतला भाग फिकट दिसतो, आणि म्हणूनच खोल अंधाऱ्या जागी वाढलेले रांजण अधिक फिके असतात. हे जिवाणू म्हणजे आतल्या वस्तीचा फक्त दर्शनी भाग आहे. रांजण-स्पंजाच्या जेलीसारख्या द्रव्यात असंख्य प्रकारचे इतर सूक्ष्मजीव असतात. त्यांतील काही नायट्रोजनच्या संयुगांवर प्रक्रिया करतात, त्यामुळे आत जाणारे पाणी आणि बाहेर येणारे पाणी यांची रासायनिक घडणही वेगळी असते.

डोळ्यांना दिसणारे भाडेकरूही पुष्कळ आहेत. पोकळीच्या आतल्या भिंतीवर लहान गोबी मासे बसलेले असतात, खाचांमध्ये ठिसूळतारे (तारामाशांचे लांब बाहूंचे नातेवाईक) आपले बाहू गुंडाळून राहतात, खेकडे आणि कोळंबीच्या जातीचे प्राणी आडोसा घेतात. ज्या भित्तीवर प्रवाळांची उंच वाढ उरलेली नाही, तेथे असा एकटा रांजण हाच परिसरातला सर्वांत मोठा आसरा असतो.

प्रश्न : प्रवाळ पांढरे पडून मरतात असे वाचले आहे. स्पंजांनाही हा रोग होतो का?

उत्तर : रांजण-स्पंज पांढरा पडणे दोन प्रकारचे असते आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नये. एका प्रकारात रांजणावर ठिकठिकाणी फिकट डाग पडतात. सायनोबॅक्टेरिया कमी झाल्याने हे होते आणि काही महिन्यांनी रंग परत येतो. ज्याचा उदरनिर्वाह मुख्यतः पाणी गाळण्यावर आहे, त्याला हे भाडेकरू काही काळ नसले तरी चालते. प्रवाळाला तसे चालत नाही. दुसरा प्रकार मात्र जीवघेणा आहे. त्यात निरोगी ऊती आणि पांढरा पडलेला भाग यांच्यामध्ये नारिंगी रंगाची कडा दिसते. ती पुढे सरकत जाते आणि तिच्यामागील ऊती मरून उघडा सांगाडा चुरा होऊन गळू लागतो. शतकभर वाढलेला रांजण या रोगाने अल्पावधीत नाहीसा होऊ शकतो.

प्रश्न : एवढा मोठा प्राणी केवळ पाण्यातील कणांवर जगतो हे पटत नाही. कॅरिबियन समुद्र तर निळाशार आणि नितळ असतो. त्यात खाण्यासारखे असते तरी काय?

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. नितळ निळे पाणी म्हणजे कणांच्या दृष्टीने उपाशी पाणी. पण जे दिसत नाही तेही त्यात असते. प्रवाळ आणि शैवाल यांच्याकडून पाझरणारी शर्करेसारखी सेंद्रिय द्रव्ये पाण्यात विरघळलेली असतात. बहुतेक प्राण्यांना ती घेता येत नाहीत, स्पंजांना आणि त्यांच्यातील सूक्ष्मजीवांना घेता येतात. फ्लोरिडातील रांजण-स्पंजांत शिरणारे व बाहेर पडणारे पाणी तपासले असता, त्यांना मिळणाऱ्या कार्बनपैकी सुमारे ७० टक्के या विरघळलेल्या स्वरूपात आल्याचे आढळले. बाकीचा भाग मृत कणांचा आणि जिवंत सूक्ष्मजीवांचा होता.

प्रवाळभित्तीच्या अर्थव्यवस्थेत याला मोठे महत्त्व आहे. २०१३ साली यास्पर द खूय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधील काही लहान, पसरट स्पंजांवर प्रयोग करून दाखवले की हे स्पंज विरघळलेले अन्न घेतात, कॉलर पेशींची झपाट्याने अदलाबदल करतात, आणि टाकलेल्या जुन्या पेशी कणांच्या रूपाने इतर प्राण्यांच्या तोंडी लागतात. एरवी समुद्रात वाहून गेले असते ते अन्न अशा रीतीने भित्तीवरच फिरत राहते. ही गोष्ट रांजण-स्पंजाला जशीच्या तशी लागू करणे मला घाईचे वाटते, कारण तो पसरट नाही, उभा वाढतो आणि मिळालेल्या अन्नाचा उपयोग कसा करतो हे त्याच्यापुरते वेगळे मोजावे लागते. पाणी गाळण्याचे त्याचे प्रमाण मात्र मोजले गेले आहे. काँच रीफवरील रांजण-स्पंजांची संख्या आणि प्रत्येकाचा प्रवाह विचारात घेतला, तर त्यांच्या डोक्यावरचा ३० मीटर खोल पाण्याचा थर साधारण २ ते १८ दिवसांत एकदा त्यांच्या शरीरांतून जाऊन येतो. याच भित्तीवर २००० ते २००६ या काळात त्यांची संख्या ४६ टक्क्यांनी वाढली होती. प्रवाळ घटत असताना स्पंज वाढतात ही वस्तुस्थिती चांगली की वाईट, असे एका पत्रात विचारले आहे. स्पंज आसरा देतो, पाणी गाळतो, पण चुनखडीची भित्ती बांधत नाही. प्रवाळाची जागा तो घेऊ शकेल, पण प्रवाळाचे काम त्याच्याकडून होणार नाही.

प्रश्न : त्याला कोणी खाते का? आणि त्याची पिल्ले कशी होतात?

उत्तर : पोपटमासे आणि एंजलफिश त्याचे लचके तोडतात आणि त्या खुणा रांजणाच्या अंगावर फिकट ओरखड्यांसारख्या दिसतात. स्पंज खाण्यात सर्वांत पटाईत म्हणजे हॉक्सबिल कासव. कॅरिबियनमधील या कासवांचा आहार जवळजवळ संपूर्णपणे स्पंजांचा, म्हणजे काचेच्या सुयांनी भरलेला असतो, हे ॲन मेलन यांनी १९८८ साली दाखवले. मात्र त्यांची पहिली पसंती इतर जातींना असते.

प्रजननाच्या वेळी काही रांजणांच्या तोंडातून शुक्रपेशींचा दाट पांढरा धूर निघतो, तर काही अंडी सोडतात. अंडी पाण्यापेक्षा जड असल्याने ती रांजणाच्या आतल्या बाजूला आणि आसपासच्या तळावर साचलेली दिसतात. हे दृश्य पाणबुड्यांना क्वचितच सापडते.

प्रश्न : छायाचित्रातील पाणबुड्याने रांजणाच्या काठावर हात ठेवला आहे. त्याने काही अपाय होतो का?

उत्तर : होतो, आणि ते छायाचित्र निवडताना आम्ही ते पाहायला हवे होते. सांगाडा ठिसूळ असल्याने काठ धरला की तो तुटतो. पोकळीत उतरून छायाचित्र काढून घेण्याची हौस तर रांजणाच्या मुळावर येऊ शकते. त्याहून मोठी हानी नांगरांच्या साखळ्या, भरकटलेली जाळी आणि मासेमारीचे दोर यांमुळे होते. ताणलेला दोर लाटांबरोबर पुढेमागे घासत राहिला की जाड भिंतही करवतीने कापल्यासारखी कापली जाते. तुटलेला रांजण वाळूत आडवा पडला की बहुधा मरतो, पण उचलून पुन्हा कठीण तळावर पक्का बसवला तर वाचू शकतो. फ्लोरिडात संशोधकांनी असे सुटे झालेले मोठे रांजण पुन्हा भित्तीवर बसवून पाहिले. ते तळाला धरून वाढेपर्यंत हलू नयेत, एवढीच खरी अडचण असते, कारण स्वतःला चिकटवण्याचे काम स्पंज स्वतः करतो, मात्र अत्यंत सावकाश.

प्रश्न : मी आठवीत आहे. स्पंजातून पाणी वाहते हे डोळ्यांनी बघता येते का?

उत्तर : हो, येते, आणि तुझा प्रश्न शेवटी ठेवला आहे तो मुद्दाम. नुसत्या डोळ्यांनी रांजण निर्जीव दगडासारखा दिसतो, कारण आत जाणारे पाणीही पारदर्शक आणि बाहेर येणारेही पारदर्शक. म्हणून संशोधक फ्लोरेसिन नावाचा, प्राण्यांना अपाय न करणारा, चमकदार हिरवा-पिवळा रंग पाण्यात मिसळून सिरिंजमध्ये भरून नेतात. रांजणाच्या बाहेरच्या भिंतीजवळ, अगदी तळाशी, ते हा रंग हळूच सोडतात. क्षणभर हिरवा ढग भिंतीला लागून थांबतो आणि मग भिंत त्याला शोषून घेते. बाहेर काहीच उरत नाही. थोड्याच वेळात रांजणाच्या आतल्या भिंतीवर असंख्य ठिकाणी हिरवे धागे उमटतात, पोकळीत एकमेकांत मिसळतात, आणि रुंद तोंडातून हिरव्या पाण्याचा एक जाड खांब सरळ वर चढत जातो. पाणबुड्याच्या डोक्याच्याही वर गेल्यावर प्रवाह त्याला एका बाजूला वाकवतो आणि तो हळूहळू विरळ होत निळ्या पाण्यात मिसळून जातो.